उजव्या खांद्यावरचं फूल

भावजी,

तुम्ही गेल्यापासून मला 'वयनी' म्हणणारं कुणी उरलं नाही. आजी म्हणणारी चार आहेत, काकी म्हणणारं निम्मं गाव आहे, आणि तुमचे दादा लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली तरी अजून 'ऐकलं का'वरच अडकलेत. वयनी म्हणणारे तुम्ही एकटेच. परवा म्हशीनं पान्हा चोरला तर सवयीनं मी ओरडले, 'भावजी, बघा हिची लबाडी.' म्हशीनं दाराकडं मान वळवली आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. मग मीच तिच्या पाठीवर थाप मारून म्हटलं, 'न्हाई येत आता ते. दे दूध.'

माणसं अजून भेटायला येतात. ओट्यावर बसतात आणि सगळी एकच बोलतात, सखाराम म्हणजे देवमाणूस. कधी कुणाकडं काही मागितलं नाही, कशासाठी भांडला नाही, पुढ्यातलं ताट कुणी उचललं तरी बोलला नसता. मी आतून ऐकते आणि चुलीत लाकूड जरा जास्तच जोरात सारते. कारण तुम्ही असे नव्हता. तुम्ही भांडखोर होता, भावजी. भाकरीच्या पापुद्र्यावरून दादांशी कुस्ती धरणारे, हुतुतूत कुणी रेघेवर फसवलं तर दिवस मावळेपर्यंत तंडणारे. देवमाणूस तुम्हाला मागाहून केलं. आणि ते देवानं केलं नाही, मी केलं.

हे तुमच्यापाशी मी एकदा बोलले. पण ते बोलणं अर्ध्यावर राहिलं, म्हणून लिहायला बसले आहे.

त्या सालची मी आठवते का तुम्हाला? चौदा वर्षांची, भोंगवलीकडच्या सपाटीवरून उचलून या डोंगरात आणून ठेवलेली. लुगडं सावरता येत नव्हतं, भाताला पाणी किती घालायचं कळत नव्हतं, आणि तोंड तर अजूनही आवरत नाही. पण हुतुतूतलं सगळं आपल्याला कळतं, वस्तादापेक्षा काकणभर जास्तच, असा माझा ठाम समज. भात काढल्यावर मोकळ्या झालेल्या खाचरात रामजी वस्ताद पोरांना खेळवायचे, आणि गोठ्यामागच्या उकिरड्यावरून ते खाचर सबंध दिसायचं. शेणाची पाटी डोक्यावर घेऊन मी तिथं इतका वेळ उभी असायची की आत्याबाई म्हणायच्या, 'ह्या पोरीला शेनाची लईच आवड दिसतीया. माहेरी न्हवतं वाटतं.'

चैत्रात भोरला उत्सवाच्या दिवसांत मावळातल्या गावांचे हुतुतूचे संघ उतरायचे. संस्थानचे अंमलदार बघायला असायचे. वस्ताद पौषात तीसेक पोरं घेऊन सुरुवात करायचे. महिन्याभरात पंधरा उरायची, मग बारा, आणि निघायच्या आधी नऊ. ते कुणाला तोंडानं 'तू नको' म्हणत नसत. खेळ झाला की तेलाची वाटी फिरायची. वस्ताद स्वतः वाटी घेऊन एकेकापुढं थांबायचे. पोरगं बोटं बुडवून पोटऱ्यांना तेल लावायचं. ज्याच्यापुढं वाटी थांबली नाही, त्यानं समजायचं, पटका उचलायचा आणि घरची वाट धरायची. उकिरड्यावरून मला चेहरे दिसत नसत, पण ते उठणं दिसायचं. कुणी ताडकन उठायचं, कुणी उगाच पायातला काटा काढत बसायचं.

मी फडताळाच्या कोपऱ्यात चिंचोके मांडले होते. एकेक गडी एकेक चिंचोका. वाटी कुणापुढं थांबली नाही की त्याचा चिंचोका मी चुलीत टाकायची. काय तो माझा तोरा. खालच्या आळीचा कुणी गेला की मी खुशाल गुणगुणत भाकरी थापायची. त्या चिंचोक्याच्या घरी त्या रात्री कुणी जेवलं की नाही, असला विचार माझ्या डोक्याला शिवला नाही. डोकंच नव्हतं, शिवणार कशाला. वर वेणी तेवढी होती.

तुमचा चिंचोका सगळ्यांत मोठा होता. तो मी मुद्दाम निवडून ठेवला होता.

खरं सांगायचं तर तुमच्यात आणि खालच्या आळीच्या धोंडिबात डावं-उजवं करता येत नव्हतं. तुमचा दम लांब; 'हुतुतू हुतुतू' करत तुम्ही पलीकडं गेलात की श्वास संपायची वाट बघणाऱ्यांचाच धीर संपायचा. पण परत फिरताना तुमची मान आधी वळायची आणि पाय मागून. धोंडिबाचा दम आखूड, पण त्याचे पाय आधी वळायचे. हे मला तेव्हाही दिसत होतं. तुम्हाला सांगितलंही होतं. 'भावजी, मान नका वळवू आधी.' तुम्ही म्हणालात, 'तुमी आधी भाकरी वळवायला शिका.'

मग ती शेवटची संध्याकाळ आली. आठ जणांपुढं वाटी थांबली. तुम्ही आणि धोंडिबा राहिलात. वस्ताद तुमच्यापुढं आले, मग धोंडिबापुढं गेले, मग मधेच उभे राहिले आणि वाटी खाली ठेवली. आदल्या साली नवव्या जागेवरून वरची आळी आणि खालची आळी काठ्या घेऊन समोरासमोर आली होती, ते सगळ्यांच्या ध्यानात होतं. वस्ताद म्हणाले, 'हे काय माझ्या हातनं व्हत न्हाई. उद्या भैरोबाला इचारू.'

तुम्ही घरी आलात आणि जेवला नाहीत. परसात दगडावर बसून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. मी पाण्याचा तांब्या घेऊन आले.

'कौल तुमच्याच बाजूनं पडंल,' मी म्हटलं.

'तुमी काय देवाच्या घरच्या हाय का?'

'मला ठावं हाय.'

'तुमाला भात शिजल्याला कळत न्हाई, वयनी. देवाचं काय कळतंय.' आणि मग तुम्ही म्हणालात, 'भोरच्या मैदानात एकदा उतरलो का बास. अंमलदाराच्या नजरंत आलो तर शिपायाचा पट्टा मिळंल. दादाच्या डोईवरचं एक तोंड कमी व्हईल. आन न्हाईच मिळाला, तर निदान खेळलो म्हनून तरी सांगंन कुनाला.'

तुम्हाला मी इतकं हळू बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं. मी तिथंच ठरवलं.

कौल कसा लावतात ते तुम्हाला सांगायला नको, पण लिहायला घेतलंय तर नीट लिहिते, कारण माती तिथंच खाल्ली. देवाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओलं फूल चिकटवायचं. गुरव गाऱ्हाणं घालतो. ज्याचं फूल आधी पडेल त्याला देवाचा होकार. वरच्या आळीचं फूल उजव्या खांद्यावर, खालच्या आळीचं डाव्या, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. आपण वरच्या आळीचे. म्हणजे डाव्या खांद्यावरचं फूल पडता कामा नये, एवढंच बघायचं.

आत्याबाईंच्या फडताळात बाळंतिणीच्या लाडवांसाठी जपून ठेवलेला बाभळीचा डिंक होता. त्यातला बोराएवढा खडा मी पदराच्या गाठीत बांधला. सकाळी बायका देवाला पाणी घालून गेल्या, मी मुद्दाम मागं राहिले. देवळाला दार नव्हतं, आत कुणी नव्हतं. डिंक ओला करून बोटावर घेतला आणि भैरोबाच्या खांद्याला फासला. शेंदरावर काही दिसेना. देवाला हात जोडून म्हटलं, 'माफी कर, पन तुलाबी तेच करायचं व्हतं ना.' काय ते शहाणपण. देवाच्या मनातलं ओळखून त्याचं काम हलकं करायला निघालेली ही कारभारीण.

माझ्या माहेरी उजवं-डावं बघणाऱ्याच्या हातानं धरतात. देवासमोर उभं राहायचं, आपला उजवा हात ती उजवी बाजू. इथंही तसंच असणार. वेगळं असेल ही शंकासुद्धा मला आली नाही. मी माझ्या डाव्या हाताकडचा खांदा माखला.

गुरवानं तगरीची दोन फुलं पाण्यात बुडवली. मी बायकांमध्ये शेवटी उभी होते. गुरव म्हणाला, 'वरल्या आळीचं, उजवीला,' आणि त्यानं फूल माझ्या डाव्या हाताकडच्या खांद्यावर लावलं. देवाचा उजवा हात. देव आपल्याकडं तोंड करून बसलेला असतो, भावजी. चौदा वर्षांत हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं, तेवढ्यात आलं.

मला ओरडता आलं असतं. 'थांबा' एवढा एक शब्द. आयुष्यभर नको तिथं बोलले, नको त्याला बोलले, आणि तिथं माझी जीभ टाळ्याला चिकटली. तो डिंक तिलाही पुरला म्हणायचा.

धोंडिबाचं फूल लगेच पडलं. खालच्या आळीनं हलगी वाजवली. तुमचं फूल पडलंच नाही. दुपारी नाही, संध्याकाळी नाही. म्हातारी माणसं मुद्दाम बघायला आली. कुणी म्हणालं, 'सख्याला देवानं ठेवून घेतलंय.' कुणी म्हणालं, 'असा कौल बापजन्मात बघितला न्हाई.' वस्तादांनी वाटी उचलली, पण धोंडिबापुढं धरायच्या आधी तुम्ही ती त्यांच्या हातातून घेतलीत आणि स्वतः त्याच्यापुढं धरलीत. धोंडिबा बोटं बुडवेना. तुम्ही म्हणालात, 'घे लेका. वस्तादानं म्हटलं असतं तर भांडलो असतो. देवासंगं काय भांडायचं.'

दुसऱ्या दिवशी सकाळी ते फूल मी नखानं खरवडून काढलं. सुकलं होतं, पण सुटायला तयार नव्हतं.

तेव्हा का सांगितलं नाही, हे तुम्ही शेवटीसुद्धा विचारलं नाहीत, पण मीच सांगते. भीती वाटली. देवाला हात लावला, गावाचा कौल नासवला म्हणून मला परत पाठवलं असतं, आणि बापानं दारात उभं केलं नसतं. मग मी एक युक्ती काढली. संघ हरला की सांगायचं. हरल्यावर कौल खोटा हे उघडच होईल, मग माझं पाप त्यात वाहून जाईल. म्हणून संघ भोरला निघाला त्या दिवसापासून मी उपास धरला, आपलं गाव हरावं म्हणून. आत्याबाईंनी विचारलं, 'उपास कशाचा गं?' मी म्हटलं, 'आपली पोरं जिकावीत म्हनून.' त्यांनी आल्यापासून पहिल्यांदा माझ्या तोंडावरून हात फिरवला. 'पोर गुनाची निघाली,' म्हणाल्या. मी खाली मान घालून उपाशी बसले, आणि आतून धोंडिबाचे पाय लुळे पडोत म्हणून देवाला विनवत होते. त्याच देवाला. दुसरा ओळखीचा नव्हता.

आणि आपण जिंकलो. धोंडिबानं एकट्यानं शेवटचे तीन गडी बाद केले म्हणे. पाय आधी वळले असणार. माणसं नसरापूरवरून वाजतगाजत आली ती त्याला खांद्यावर घेऊनच. पुढं हलगी कोण वाजवत होतं, तर तुम्ही. अंमलदारानं धोंडिबाचं नाव लिहून घेतलं होतं. पावसाळ्याआधी त्याला शिपायाचा पट्टा मिळाला. सगळं गाव म्हणालं, देवाला कळतं. तुम्हीही म्हणालात. माझा डिंक खरा ठरला, भावजी. खोटं ठरवायला मी आता कुठून तोंड आणणार होते?

कधीकधी वाटायचं, देवाच्याच मनात ते असेल आणि त्यानं माझं बोट वापरलं असेल. असं मानलं की एखाद-दुसरा दिवस बरा जायचा. मग तुम्ही दिसायचात.

दुसऱ्या साली वस्ताद स्वतः आपल्या दारात आले, ते तुमच्या ध्यानात असेल. दोन गडी भाटघरला धरणाच्या कामावर लागले होते, जागा मोकळ्या होत्या, कौलाची गरज नव्हती. मी दाराआड पीठ मळत होते. 'चल सख्या,' वस्ताद म्हणाले. 'वाटी घरीच घेऊन आलोय.' आणि खरंच त्यांनी कनवटीची वाटी काढून ओट्यावर ठेवली. रामजी वस्तादांनी कुणाच्या दारी वाटी नेल्याचं त्याआधी कुणी ऐकलं नव्हतं.

मी मळायची थांबले. मग तुमचा आवाज आला, 'वस्ताद, तुमचे उपकार हायत. पन देवानं बाजूला ठेवल्यालं मानूस म्या. तुमच्या संघाला कशाला दोष लावू?'

दोन पावलं बाहेर यायची होती. हाताला पीठ होतं, म्हणून आले नाही. असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. हाताला पीठ होतं म्हणून.

वस्ताद गेले, आणि तुमच्या संध्याकाळी रिकाम्या झाल्या. त्या रिकाम्या संध्याकाळीच तुम्ही मला अक्षरं शिकवलीत. तुमची मराठी चौथी झालेली, मला 'श्री'सुद्धा येत नव्हतं. गोठ्यातल्या गुळगुळीत दगडावर कोळशानं तुम्ही काढायचात आणि मी गिरवायची. 'ळ' मला कितीतरी दिवस जमेना; तुम्ही म्हणायचात, 'वयनी, ही वेटोळं घातल्याली धामन हाय का अक्षर?' आत्याबाई बघून बघून चिडल्या तेव्हा तुम्ही मध्ये पडलात, 'आये, तिला वाचता आलं तर तुलाच पोथी वाचून दाखवंल.' मला जे काही वाचता आलं, माझ्या लेकीची पत्रं, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, ते सगळं तुमच्या मोडलेल्या खेळातून आलं. तुम्ही खेळत राहिला असता तर मी आज अंगठाच उठवला असता. हे उपकार मानायचे की गिळायचे, मला अजून कळलेलं नाही.

मग कर्नवडीची ती मुलगी सांगून आली. गव्हाळ, हसरी, तुमच्यापेक्षा वीतभर बुटकी. दादा बघून आले, खूश होते. तुम्ही म्हणालात, 'नको.' का, तर तेच. 'ज्याला देवानं धरला न्हाई त्याच्या गळ्यात कुनाची पोर कशाला बांधायची.' दादा चिडले, आत्याबाई रडल्या. मी तुम्हाला गोठ्यात गाठलं.

'भावजी, कौल म्हंजे काय, फुलंच ती. पडतात, न्हाई पडत.'

'समद्यांची पडतात, वयनी. माजंच राहिलं.'

'कुनी चिकटवलं असंल.'

तुम्ही वळून माझ्याकडं बघितलंत. तीच वेळ होती. तुम्ही विचारलंत, 'कोन चिकटवंल?'

आणि मी हसले. मला हसायची खोड आहे ना. म्हटलं, 'म्याच. भाकरी वळवता येत न्हाई, फूल तरी चिकटवावं म्हटलं.' तुम्हीही हसलात, कितीतरी दिवसांनी. 'तुमचं आपलं कायतरी,' म्हणून वैरणीचा भारा उचललात. खरं सांगितलं मी, आणि तरी ते खोटं झालं. गावात कुणाच्या पटक्याला चुना लाव, कुणाच्या जावयाची वहाण लपव, असल्या उद्योगांनी नाव कमावलेली मी. माझं खरं कोण धरणार? पण दोष तुमचा नाही. ते थट्टेत सांगितलं की सांगितल्यासारखंही होतं आणि सुटताही येतं, हे मला बोलता बोलताच कळलं होतं.

त्या मुलीला पुढं नीरेकाठी दिलं. पाच मुलं झाली म्हणतात.

त्यानंतरची वर्षं मी काय सांगू. तुम्ही राब भाजलात, चिखलणी केलीत, माझ्या पोरींना खांद्यावर बसवून जत्रा दाखवलीत. वाटणीच्या वेळी खालचं चांगलं खाचर दादांना दिलंत आणि खडकाळ माळ आपल्याकडं ठेवलात. गाव म्हणालं देवमाणूस. हुतुतूचा आवाज आला की तुम्ही म्हशी घेऊन डोंगराकडच्या अंगाला जायचात, तिथून ऐकू येत नाही म्हणून. ते फक्त मला माहीत होतं. धोंडिबा सणासुदीला भोरहून यायचा, पट्टा चमकवत, तुमच्यासाठी तंबाखू आणायचा. तुमच्यापुढं त्याला नेहमीच अवघडल्यासारखं व्हायचं. वाईट माणूस नाही तो. मी त्याच्या ताटात भात नेहमी थंड वाढला, एवढं मात्र खरं. संस्थान विलीन झालं, त्याचा पट्टा गेला, तो गावी परत आला, तेव्हाही तुम्हीच त्याच्या घराची शाकारणी करून दिलीत.

या पौषात तुमची छाती भरली. ज्यांचा दम दहा गावांत नावाजलेला, त्यांना खाटेवर कूस बदलताना तीनदा थांबावं लागत होतं. दादा वैद्याला आणायला गेले होते. दुपारचं ऊन उंबऱ्यापर्यंत आलं होतं. मी पेज घेऊन बसले होते. तुम्ही दोन घोट घेतलेत आणि नको म्हणालात.

मी वाटी खाली ठेवली आणि सांगितलं. या खेपेला हसले नाही. डिंक कुठून घेतला, कधी गेले, कुठल्या हातानं लावला, माहेरचं उजवं आणि इथलं उजवं, सगळं सरळ सांगितलं. तुम्ही डोळे मिटून ऐकत होता. मला वाटलं झोप लागली. मग म्हणालात, 'ते फूल दुसऱ्या दिशी तुमीच काढलं का?'

'व्हय.'

'म्या सकाळी बघाय गेलतो. न्हवतं. म्हटलं, रातीत पडलं वाटतं. उशिरा का व्हईना, देवानं हूं म्हटलं.' मध्ये श्वास घ्यायला थांबलात. 'मग खाली शोधलं. खाली बी न्हवतं.'

मला हे माहीत नव्हतं, भावजी. पंचवीस वर्षं मला वाटत होतं की मी तुमचं एकदाच मोडलं.

तुम्ही रागवला नाहीत. रागवला असता तर बरं झालं असतं. फक्त इतकंच विचारलंत, 'डिंक नसता, तर कुनाचं पडलं असतं?'

मी लगेच म्हटलं, 'तुमचंच.'

'वयनी,' तुम्ही म्हणालात, 'आता तरी थट्टा नका करू.'

आणि भिंतीकडं तोंड केलंत. दादा वैद्याला घेऊन आले. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. त्या दोन दिवसांत तुम्ही पाणी मागितलंत, ऊन मागितलंत, त्यावर पुन्हा बोलला नाहीत. मी थट्टा करत नव्हते, भावजी. आयुष्यात एकदा करत नव्हते.

परवा गुंजवणीच्या काठी तुमचा दहावा केला. भाताचा पिंड दगडावर ठेवून आपली माणसं मागं सरली. कावळा शिवला नाही की गेलेल्याच्या मनात काहीतरी राहिलंय, मग घरच्यांनी एकेक वचन द्यायचं, हा रिवाज. दादांनी म्हैस सांभाळायचं वचन मनात धरलं होतं, मला सांगितलं होतं. मीही एक धरून गेले होते. कावळा थांबला तर पुढं व्हायचं आणि सगळ्या गावासमोर म्हणायचं, भावजी, तुमच्या फुलाचं खरं काय ते आज सांगते, मग शिवा. रात्रभर मी ते वाक्य घोकलं होतं. या खेपेला जीभ ओली होती.

दादांचा हात पिंडावरून पुरता निघालाही नव्हता, तोवर कावळा उतरला आणि घेऊन गेला.

माणसांच्या तोंडून 'वा' निघालं. धोंडिबा डोळे पुसत म्हणाला, 'बगा. कायसुदिक इच्छा ठेवली न्हवती गड्यानं.' सगळ्यांनी माना हलवल्या. मी पुढं झाले, म्हटलं, 'थांबा, मला बोलायचंय.' तुमचे दादा म्हणाले, 'आता काय राहिलंय बोलायचं? पाहुनी उपाशी हायत. चला, पानं वाढा.' आणि माणसं चढण चढून गावाकडं निघाली. मीही निघाले. पानं वाढली.

गाव आता ते सांगत फिरतंय, सखारामला काहीच नको होतं. खोटं आहे ते. तुम्हाला भोरच्या मैदानात उतरायचं होतं. तुम्हाला नववी जागा हवी होती, पट्टा हवा होता, कर्नवडीची ती मुलगीसुद्धा हवी होती. ती सांगून आली त्या दिवशी तुम्ही दोनदा तोंड धुतलं होतंत, मी बघितलं. हे कुणाला तरी ठाऊक असावं म्हणून तुमच्याच अक्षरांत लिहून ठेवते.